दंडावरचा वण आणि पहिल्या फळीची तालीम

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तिथल्या किंवा तुमच्या गावच्या शाळेत एखाद्या वर्गातील मुलांना डावी बाही वर करायला सांगा. बहुतेकांच्या दंडावर एक लहानसा, फिकट, किंचित खोलगट वण दिसेल. हा वण कशाचा असे विचारले तर बरीच मुले 'लहानपणी टोचलं होतं' एवढेच सांगतील. एखादी मुलगी म्हणेल, 'बीसीजीचा. क्षय होऊ नये म्हणून टोचतात.' उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. उरलेल्या अर्ध्या उत्तराची चाहूल १९३० च्या सुमारासच लागली होती. त्याला शास्त्रात जागा मिळायला मात्र २०११-१२ साल उजाडावे लागले. एवढा उशीर का झाला, त्याची ही हकिकत.

आपण वर्गात प्रतिकारशक्ती शिकवतो तेव्हा तिचे दोन भाग करतो. एक जन्मजात. त्यात त्वचा, श्लेष्मल आवरणे आणि जंतूंना गिळणाऱ्या भक्षकपेशी येतात. ही पहिली फळी. दुसरी उपार्जित, म्हणजे आयुष्यात कमावलेली. तिच्यात लसिकापेशी आणि प्रतिपिंडे येतात. मग फळ्यावर एक वाक्य लिहितो: 'जन्मजात प्रतिकारशक्तीला स्मृती नसते, उपार्जित प्रतिकारशक्तीला असते.' परीक्षेत फरक स्पष्ट करा म्हटले की मुले हेच वाक्य लिहितात आणि आपण गुण देतो. या वाक्याचा पूर्वार्ध आता जसाच्या तसा टिकलेला नाही.

ही विभागणी मुळात एका भांडणातून आली. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने सिसिलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीराचे रक्षण पेशी करतात, असे तो म्हणू लागला. जर्मनीतील शास्त्रज्ञांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या मते रक्षण रक्तद्रवातल्या पदार्थांमुळे होते. १९०८ साली नोबेल समितीने मेचनिकॉफ आणि पॉल अर्लिख या दोघांना पारितोषिक वाटून दिले आणि वाद सभ्यपणे मिटवला. प्रत्यक्षात पुढची कित्येक दशके मान मिळाला तो प्रतिपिंडांना. भक्षकपेशी म्हणजे मुकाट्याने कचरा उचलणाऱ्या, अशीच समजूत राहिली. (ज्यांच्या नावाची संस्था मुंबईत परळला आहे ते वाल्देमार हाफकिन ओडेसाला मेचनिकॉफचेच विद्यार्थी होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी मुंबईत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.)

आता बीसीजीकडे वळू. फ्रान्समधील लील शहरात आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोघांनी १९०८ साली गाईच्या क्षयाचे जंतू घेतले आणि ते बटाट्याच्या कापावर, ग्लिसरीन व पित्तरस घालून वाढवायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी ताज्या कापावर नवी लावणी. पहिले महायुद्ध आले, शहर शत्रूच्या ताब्यात गेले, तरी हे चालूच राहिले. तेरा वर्षांत २३० लावण्या झाल्या. जंतू जिवंत होता, पण रोग निर्माण करण्याची ताकद हरवून बसला होता. १९२१ साली पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस तोंडावाटे दिली गेली. बीसीजी या नावातला 'बी' जंतूचा आणि 'सी' व 'जी' या दोघांचे.

स्वीडनच्या अगदी उत्तरेला नॉरबॉटन नावाचा थंड, गरीब प्रांत आहे. १९२७ पासून तिथे कार्ल नेस्लुंद या डॉक्टराने नवजात बालकांना बीसीजी द्यायला सुरुवात केली. काही वर्षांनी त्याने हिशेब मांडला तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. लस घेतलेल्या बालकांतले पहिल्या वर्षातले मृत्यू लस न घेतलेल्यांच्या मानाने फारच कमी होते, आणि हा फरक पहिल्याच महिन्यापासून दिसत होता. आता, क्षय काही पहिल्या महिन्यात बाळाचा बळी घेत नाही. मग ही मुले कशापासून वाचली? नेस्लुंदने १९३२ मध्ये लिहिले की बीसीजीमुळे कदाचित एका रोगापुरती नसलेली, सर्वसाधारण अशी प्रतिकारशक्ती जागी होत असावी. काल्मेतलाही आपल्या आकड्यांत असेच काही दिसले होते.

यावर कोणी फारसे लक्ष दिले नाही. ते का, हे पाहण्यासारखे आहे, कारण कारणे अगदीच मूर्खपणाची नव्हती. पहिले असे की ही तुलना न्याय्य नव्हती. जे आईबाप मुलाला लस देतात ते बहुधा मुलाची इतर काळजीही अधिक घेतात. मग मूल लशीने वाचले की काळजीने? चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्याखेरीज हे सांगता येत नाही, आणि तशी पद्धत तेव्हा रूढ नव्हती. दुसरे, १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक येथे लशीत क्षयाचे जहाल जंतू मिसळले गेले आणि सत्तरहून अधिक बालके दगावली. बीसीजीबद्दल चांगले बोलण्याचे ते दिवस नव्हते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे निरीक्षण ठेवायला शास्त्रात खणच नव्हता. लस म्हणजे एका रोगाची ओळख. क्षयाची लस न्यूमोनियाला कशी अडवेल? जे निरीक्षण कुठल्याच स्पष्टीकरणात बसत नाही ते खोटे ठरवले जात नाही, नुसते बाजूला पडते.

उंदरांनी मात्र तेच पुन्हा सांगितले. १९५९ मध्ये अमेरिकेतील लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांना आढळले की बीसीजी दिलेल्या उंदरांत रुजवलेल्या कर्कगाठींना अधिक विरोध होतो. १९६० च्या दशकात जॉर्ज मॅकॅनेस यांनी दाखवले की बीसीजी दिलेल्या उंदरांच्या भक्षकपेशी लिस्टेरियासारख्या भलत्याच जंतूलाही तडाख्याने मारतात. १९७६ पासून मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर बीसीजी थेट मूत्राशयात सोडून उपचार होऊ लागले, ते आजही होतात. म्हणजे डॉक्टर वापर करत होते. पाठ्यपुस्तकातले वाक्य तसेच होते.

इथे आपल्या परळकडे थोडे वळायला हवे, कारण याच काळात तिथे एक वेगळीच गोष्ट घडत होती. ती या विषयातला एक मोठा गोंधळ टाळायला उपयोगी पडते.

कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ मध्येच पाहिला होता, पण तो कृत्रिम माध्यमात कुणालाही वाढवता आलेला नाही, अगदी आजही नाही. माणसातही तो सहजासहजी रुजत नाही. बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेले तेव्हा त्यांनी प्रयोगासाठी कुष्ठजंतू स्वतःला टोचून घेतले होते; रोग जडला नाही. जगातल्या बहुसंख्य माणसांची हीच स्थिती आहे. जंतू आत शिरतो आणि शरीर त्याला निपटून टाकते. ज्या थोड्यांचे शरीर ते करू शकत नाही त्यांना रोग होतो. म्हणून लशीचा विचार इथे फार मोलाचा होता, पण जंतूच वाढत नाही तर लस बनवायची कशाची?

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी परळला १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू केले. तिथे बापट, डॉ. कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला आणि १९५८ मध्ये ते प्रसिद्ध केले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात. हा खरेच कुष्ठजंतू आहे का, यावर पुष्कळ वाद झाला. तो कुष्ठजंतू नव्हे, त्याच्या गोतावळ्यातला, पक्ष्यांच्या क्षयजंतूच्या गटातला आहे असे पुढे ठरले. पण डॉ. मा. ग. देव यांनी १९७९ मध्ये हा जंतू गॅमा किरणांनी मारून त्याची लस केली. नव्वदीच्या दशकात तमिळनाडूत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चार लशींची तुलना झाली. त्यात आयसीआरसी लशीने कुष्ठरोगापासून ६५.५ टक्के संरक्षण दिले. नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के, आणि बीसीजीत मारलेले खरे कुष्ठजंतू मिसळून केलेल्या लशीने ६४ टक्के. ज्याची ओळख चुकली होती तो जंतू खऱ्या जंतूइतकाच कामाला आला! तोवर बहुविध औषधोपचाराने रोगच झपाट्याने मागे हटत होता, त्यामुळे ही लस घरोघरी पोचली नाही. परळच्या या कामाची आठवण व्हायला हवी तितकी होत नाही, असे मला वाटते.

आता प्रश्न असा: एका जंतूने दुसऱ्यापासून वाचवले, मग हा नेस्लुंदला दिसलेलाच प्रकार का? बहुतांशी नाही. आयसीआरसी जंतू आणि कुष्ठजंतू चुलत भावंडे आहेत. त्यांच्या अंगावरची काही प्रथिने सारखी आहेत. लसिकापेशींनी एकाचा चेहरा लक्षात ठेवला तर दुसऱ्यालाही त्या ओळखतात. गाईच्या देवीने माणसाची देवी टळते ती अशीच. हा साम्याचा फायदा झाला आणि जुन्या शास्त्रात तो व्यवस्थित बसतो. पण बीसीजीचे कॅन्डिडा बुरशीशी काय नाते? विषाणूशी काय नाते? तिथे चेहऱ्याचे साम्य नाही. तिथे दुसरेच काही चालले असले पाहिजे. विद्यार्थ्यांना हा फरक आधी पक्का करून द्यावा, नाहीतर पुढचे सगळे सरमिसळ होते.

१९८६ मध्ये इटलीतल्या बिस्तोनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना कॅन्डिडाचा एक मवाळ वाण टोचला. ते उंदीर नंतर जहाल कॅन्डिडालाच नव्हे, तर स्टॅफिलोकॉकस जीवाणूलाही पुरून उरले. ज्यांना टी-लसिकापेशीच नव्हत्या अशा उंदरांतही हे संरक्षण दिसले. हा धागा पुढे नेदरलँड्समधील नायमेखन येथे मिहाई नेतेआ यांनी उचलला. त्यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना बीसीजी टोचली आणि त्यांचे रक्त लशीआधी, दोन आठवड्यांनी व तीन महिन्यांनी तपासले. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या भक्षकपेशी वेगळ्या काढून त्यांच्यासमोर क्षयजंतू ठेवले, आणि तुलनेसाठी कॅन्डिडा व स्टॅफिलोकॉकसही ठेवले. क्षयजंतूला प्रतिसाद वाढला, हे अपेक्षितच होते. पण तुलनेसाठी ठेवलेल्या दोघांनाही तो तितकाच वाढला, आणि तीन महिन्यांनीही वाढलेलाच होता. ज्यांना बी आणि टी या दोन्ही लसिकापेशी नाहीत अशा उंदरांनाही बीसीजीने कॅन्डिडापासून वाचवले. हे २०१२ चे काम. आदल्याच वर्षी नेतेआ व सहकाऱ्यांनी या प्रकाराला नाव दिले होते. त्याचे मराठी मी 'तालीमबद्ध प्रतिकारशक्ती' असे करतो.

'तालीम' हा शब्द मुद्दाम घेतला. समर्थांच्या नावाशी मारुती आणि बलोपासना जोडलेली आहे, त्यामुळे निदान जांबच्या मुलांना तो समजावून सांगावा लागणार नाही. लसिकापेशींची स्मृती पोलीस चौकीत लावलेल्या छायाचित्रासारखी असते: हा अमुक चोर, दिसला की धरा. तालमीतल्या पैलवानाजवळ कुणाचे छायाचित्र नसते. त्याने हजार जोर काढलेले असतात, एवढेच. समोर कोणीही येवो, त्याचा हात आधी चालतो.

पण पेशीच्या बाबतीत जोर काढणे म्हणजे काय? बीसीजीच्या भित्तिकेचे तुकडे पेशीच्या आत शिरतात. त्यातला एक, म्युरामिल डायपेप्टाइड नावाचा छोटा रेणू, पेशीतल्या नॉड-२ या ग्राहकाला जाऊन चिकटतो. बुरशीच्या भित्तिकेतला बीटा-ग्लुकन हा रेणू डेक्टिन-१ या दुसऱ्या ग्राहकामार्फत तसेच काम करतो. म्हणजे संपूर्ण जिवंत जंतूच हवा असे नाही, त्याचा योग्य तुकडाही पुरतो. पुढे दोन गोष्टी होतात. एक, पेशीचा स्वयंपाक बदलतो: ती ग्लुकोज भराभर जाळू लागते. दुसरी गोष्ट जनुकांच्या बांधणीत होते. पेशीकेंद्रातला डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. गुंडाळलेले जनुक वाचता येत नाही. तालमीनंतर दाह सुरू करणाऱ्या जनुकांजवळच्या हिस्टोनांवर मेथिल गटाच्या खुणा चढतात आणि ती जागा सैल राहते. जनुकाची अक्षरे तीच, फक्त पुस्तक त्या पानावर उघडे ठेवलेले. पुढच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

चाणाक्ष विद्यार्थी इथे हात वर करेल. मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगते. मग तीन महिन्यांनी तपासलेल्या पेशी तर लशीच्या वेळी जन्मल्याच नव्हत्या! हा आक्षेप खरा होता. त्याचे उत्तर २०१८ मध्ये कॅनडातील माँट्रियलच्या माझियार दिवांगाही यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगातून दिले. बीसीजी अस्थिमज्जेत पोचते आणि तिथल्या मूलपेशींनाच वळण लावते. त्यामुळे त्यांच्या पोटी येणारी प्रत्येक नवी भक्षकपेशी तयारीची जन्मते. पैलवान बदलत राहतात, वस्ताद कायम असतो.

तालीम उलटही होऊ शकते, हे सांगायला हवे. काही जीवाणूंच्या बाह्यावरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा रेणू मोठ्या मात्रेत मिळाला तर भक्षकपेशी पुढच्या वेळी मंद होतात. रक्तदोषाच्या रुग्णांना नंतर दुसरे संसर्ग सहज होतात त्यामागे हेही एक कारण आहे. आणि सदैव सज्ज पेशी म्हणजे निव्वळ नफा नव्हे. धमन्या कठीण होण्याच्या रोगात अशाच अतितयार पेशींचा हात असावा, असा संशय आहे.

प्रयोगशाळेत इतके दिसले. पण नेस्लुंदचा प्रश्न बालकांच्या जीविताचा होता, त्याचे काय? पीटर आबी हे डॅनिश संशोधक १९७८ पासून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात काम करत आहेत. कमी वजनाच्या बाळांना तिथे बीसीजी उशिरा देण्याची पद्धत होती. त्यांच्या गटाने चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जन्मतःच दिली. अशा तीन चाचण्या एकत्र केल्या तेव्हा जन्मतः लस मिळालेल्या बाळांतले पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळले. यावेळी तुलना न्याय्य होती.

मग आपल्याकडेही तसेच झाले का? चेन्नई व पुदुच्चेरी येथे कमी वजनाच्या नवजात बाळांवर अशाच दोन चाचण्या झाल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि मृत्यूंत काहीही फरक दिसला नाही. हा निकाल गिनी-बिसाऊच्या निकालाइतकाच जपून ठेवण्याजोगा आहे. एक शक्यता अशी की लस तीच नव्हती. काल्मेतच्या जंतूची कलमे देशोदेशी गेली, प्रत्येक प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वेगळी लावली गेली आणि वेगळी होत गेली. गिनी-बिसाऊत डेन्मार्कचा वाण होता, चेन्नई-पुदुच्चेरीत रशियाचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बीसीजीही रशियन, मॉस्को वाणाची आहे. नाव एक, तालीम कदाचित निराळी. दुसरी शक्यता, आजूबाजूच्या परिस्थितीची. रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचे मृत्यू वेगळ्या कारणांनी होत असतील.

परिस्थितीचा मुद्दा आपल्याला नवा नाही. १९६८ पासून चेंगलपट्टू येथे सुमारे अडीच लाख लोकांवर बीसीजीची प्रचंड मोठी चाचणी झाली. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लस संरक्षण देत नाही, असा धक्कादायक निष्कर्ष १९७९ मध्ये निघाला. (बाळांना मेंदूज्वराच्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून आपण ती जन्मतः देतो.) त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद माती-पाण्यात सर्वत्र असतात. जांबच्या रानात अनवाणी हुंदडणारे किंवा विहिरीत पोहणारे पोर लहानपणापासून त्यांच्या संगतीत असते. ज्याची तालीम मातीनेच करून घेतली आहे त्याला लशीतून जादा काय मिळणार? हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. सिद्ध झालेले नाही.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये बीसीजी पुन्हा एकदा बातम्यांत आली. जिथे बीसीजी देतात त्या देशांत कोविड कमी, असे नकाशे फिरू लागले. हा नेस्लुंदच्या काळचाच घोटाळा होता, फक्त बाळांऐवजी देशांची तुलना होती. ज्या देशांत बीसीजी देतात तिथे लोकसंख्या तरुण होती आणि तपासण्याही कमी होत्या. पुढे चिठ्ठ्या टाकून चाचण्या झाल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ज्येष्ठांवर घेतलेल्या चाचणीत मुंबईचेही केंद्र होते. ग्रीसमधील एका छोट्या चाचणीत रुग्णालयातून घरी गेलेल्या वृद्धांना वर्षभरात संसर्ग कमी झाले: लस न मिळालेल्यांत ४२.३ टक्के, मिळालेल्यांत २५ टक्के. पण सुमारे चार हजार आरोग्यसेवकांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीने २०२३ मध्ये सांगितले की बीसीजीने कोविड टळला नाही. लक्षणे असलेला आजार लस घेतलेल्यांत १४.७ टक्के, न घेतलेल्यांत १२.३ टक्के.

तेव्हा फळ्यावरचे वाक्य कसे लिहावे? मी असे लिहीन: 'उपार्जित प्रतिकारशक्तीला जंतूचा चेहरा आठवतो. जन्मजात प्रतिकारशक्तीला चेहरा आठवत नाही, पण तिच्या पेशींची तयारी काही महिने वाढलेली राहू शकते.' परीक्षेसाठी मुलांना जुने वाक्यही ठाऊक असू द्यावे, हे ओघानेच आले. आणि वर्गात वणांची मोजणी करायची झाली तर जरूर करा. मात्र 'वण असलेली मुले कमी गैरहजर असतात' असे आढळले, तर त्याची आणखी कोणकोणती कारणे असू शकतील, हे मुलांनाच शोधू द्या. ज्यांच्या दंडावर वण नाही त्यांना घाबरवू नका. लस दिल्यावर काहींना वण उठतच नाही, आणि त्यासाठी पुन्हा टोचण्याची गरज नसते.